पंच्याऐंशीवं उत्तर

तास सुरू व्हायला नऊ मिनिटं होती आणि बाईंनी फोनची बॅटरी चौथ्यांदा पाहिली. शहाण्णव टक्के. पाचव्यांदा पाहून ती वाढणार नव्हती, तरी त्यांनी पाहिली.

नर्सिंग कॉलेजात औषधाच्या मात्रेचं गणित त्या सव्वीस वर्षं शिकवत होत्या. या सत्रापासून फर्मान निघालं होतं: प्रश्न पडद्यावर टाका, मुलींकडून उत्तरं त्यांच्या फोनवर घ्या, वर्ग बोलता करा. ज्यांना जमणार नाही त्यांचा तास बंद, त्या जागी तयार व्हिडिओ. बाईंचा तास राहतो की जातो, हे आज विभागप्रमुख सर मागच्या बाकावर बसून ठरवणार होते.

घरी रंगीत तालीम झाली होती. नवरा आणि नणंद आपापल्या फोनवरून उत्तरं देत होते. नवरा बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा. औषधांशी त्याचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरता. तरी त्याचं उत्तर बरोबर आलं.

"कसं काय जमलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"ताईने ख दाबलं, लगेच पडद्यावर ख ची पट्टी वर गेली. म्हटलं, गर्दी तिकडे, म्हणजे गाडी तिकडेच लागली असणार."

"शाळेतही माझ्याच वह्या बघून पास झालास तू," नणंद म्हणाली.

बाई हसल्या होत्या. हसून विसरल्या होत्या.

वर्गात चौऱ्याऐंशी मुली हजर होत्या. बाईंनी हजेरी दोनदा मोजली. पहिल्या बाकावर रेडिओ. काहीही विचारलं की ही आधी बोलणार आणि उरलेला वर्ग तिचीच री ओढणार, म्हणून तिला ते नाव पडलं होतं. फोनमुळे निदान ही री तरी थांबेल, अशी बाईंना आशा होती. मागे सर चष्मा कपाळावर चढवून बसले होते. उत्तरं पाठवायचा पडद्यावरचा क्रमांक बघून त्यांनीही आपला फोन काढला. तपासत असतील, बाईंना वाटलं.

प्रश्न पडद्यावर आला. बाळ बारा किलोचं. औषध किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. कुपीवर लिहिलंय: चाळीस मिलिग्रॅम, दोन मिली. सिरिंजमध्ये किती मिली घ्याल? क: ०.१५. ख: ०.३. ग: ०.६. घ: ३.

गेल्या आठवड्यातच कॉलेजच्या रुग्णालयाच्या औषध भांडारात या नव्या कुप्या आल्या होत्या, म्हणून बाईंनी मुद्दाम हा प्रश्न घेतला होता.

आधी काहीच हललं नाही. बाईंनी खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग क ची पट्टी बोटभर वर आली. लगेच आणखी थोडी. मग ती अशी धावत सुटली, की बाकीच्या जागच्या जागी राहिल्या. क एकसष्ट. ख अठरा.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. यातल्या निम्म्या मुलींनी कागदाला पेनही लावलं नव्हतं; माना पडद्याकडे होत्या. पट्ट्या उघड्या राहिल्या होत्या. गर्दी तिकडे गाडी.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पडदा बंद करतेय. आता शेजारणीशी भांडा. ती म्हणेल ते ऐकू नका, तिच्याकडून मांडून घ्या."

उत्तरं झाकायचं बटण सापडेना. शेवटी कोपऱ्यात सापडलं. मागे सरांनी काहीतरी लिहिलं. वर्गात मात्र गलका सुरू झाला: "अगं दोन मिली लिहिलंय, डोळे आहेत का बटणं?" "मग निम्मं कर ना." "निम्मं काय म्हणून? दुप्पट."

दुसऱ्यांदा पट्ट्या उघडल्या तेव्हा ख ऐंशी होतं. ग चार. क एक.

"एकीला अजून क का वाटतं, कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

"कुपी एक मिलीची धरली की क येतं, मॅडम," रेडिओ म्हणाली. "जुन्या तशाच होत्या. माझी आई वॉर्डात नर्स होती तेव्हाच्या."

"मग क दाबणारी तुझी आईच असेल," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

बाई हसता हसता थांबल्या. ऐंशी, चार, एक. पंच्याऐंशी.

तास संपला. मुली बाहेर पडल्या. सर अहवालाचा कागद घेऊन टेबलाशी आले.

"सुरुवात डळमळली, पण शेवट चांगला झाला," ते म्हणाले. "माझी हरकत नाही." पेन सहीच्या रेघेवर टेकलं.

गप्प बसायचं, की झालं. एका सहीचंच काम होतं. पण सर सराव सुटू नये म्हणून आठवड्यातून दोन दिवस बालवॉर्डात स्वतः इंजेक्शनं देत. आज त्यातलाच एक दिवस होता.

"सर, दुपारच्या फेरीला तुम्हीच आहात ना?"

"आहे. का?"

"मुली चौऱ्याऐंशी होत्या. उत्तरं पंच्याऐंशी आली."

पेन उचललं गेलं. बाहेर कुणीतरी बादली सरकवत नेत होतं. सरांनी वळून दाराकडे पाहिलं.

"त्यात नाव येतं?"

"नाही. नुसता आकडा."

सरांनी खिशातून फोन काढून वॉर्डात लावला. "सिस्टर, कपाटातली नवी कुपी हातात घ्या आणि वरचं वाचा. चाळीस कळलं. पुढे. शेवटपर्यंत वाचा." ते ऐकत राहिले. "खोकं कधी फोडलं?" पुन्हा ऐकलं. "मी येईपर्यंत कोणी भरू नका."

फोन ठेवून ते मुलींच्या बाकावर बसले.

"आज सकाळी फोडलंय. अजून एकही वापरली नाही." त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली. अक्षर वाकडं आलं. "तास तुमचाच. उद्या वॉर्डातल्या सगळ्यांना बसवा, हाच प्रश्न घ्या. मीही बसेन."

"पट्ट्या झाकून," बाई म्हणाल्या.

"झाकून."

घड्याळात पावणेबारा झाले होते. फेरी बाराला. सर उठून निघाले. बाईंनी कागदाची घडी पर्समध्ये कोंबली आणि त्याही मागोमाग जिना उतरू लागल्या. सिस्टरने वाचलं होतं, सरांनी ऐकलं होतं. तरी ती कुपी स्वतः वाचल्याशिवाय बाईंना चैन पडणार नव्हतं.