कागदावरची शेळी

प्रयागबाईच्या तोंडी लागू नये, हे विणकरांच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरांच्या सरकारी दवाखान्यातला मार्तंड कंपाउंडर तेवढा नवखा निघाला, त्याला तो बिचारा तरी काय करणार!

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तर सालची. भुरी मांजर तशी कोणाचीच नव्हती. कुठून तरी आली आणि प्रयागबाईच्या हातमागाखाली राहिली. मागावरच्या सुताला भाताची खळ लावलेली असते आणि खळ म्हणजे उंदरांचं पंचपक्वान्न. आधी दर महिन्याला एखादं पातळ कुरतडलेलं निघायचं. भुरी आल्यापासून एक धागा तुटला नव्हता.

तीच भुरी आता तीन दिवस पाण्यालाही तोंड लावत नव्हती. बोक्यानं मान फोडली होती आणि तिथं लिंबाएवढं गळू झालं होतं. जनावरांच्या खाजगी डॉक्टरनं नुसते बघायचे पंधरा रुपये सांगितले, म्हणजे चार दिवसांची मजुरी.

"मेली तं दुसरी येईन," नवरा रुपराव म्हणाला.

"तुमच्याबद्दल बी असंच म्हणू का?" प्रयागबाई कडाडली. तिनं भुरीला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि ती तरातरा निघाली.

दवाखान्याच्या आवारात बैल, म्हशी, बकऱ्यांची ही गर्दी. टेबलामागून मार्तंडनं मान वर न करताच विचारलं, "जनावर कोणतं?"

"मांजर."

"मांजर नाही होत इथं, बाई. कामाच्या जनावराचा दवाखाना आहे हा. पाहा, छापलं आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी."

"कोंबडी कोणता नांगर वढते गा?"

"अंडे देते ना!"

"मंग माही भुरी पातळं देते!"

आवारभर हशा पिकला. मागं लंगडी म्हैस घेऊन उभा असलेला ताराचंद गवळी वैतागून ओरडला, "लिहून दे ना गा काहीबी! कवाचा उभा आहो मी."

मार्तंडनं केसपेपरचे चार आणे घेतले, रागारागानं कागदावर 'शेळी' खरडलं आणि कागद तिच्या हातात कोंबला.

आत डॉक्टरसाहेबांनी फडकं सोडलं. कागदाकडे पाहिलं, टोपलीत पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "बाई, ही शेळी?"

आता हाकलतात, प्रयागबाईला वाटलं. भुरीचा श्वास तर धाप लागल्यासारखा चालला होता. पण खोटं तिच्या तोंडून निघेना.

"नाही साहेब, मांजर आहे. तुमच्या माणसानं शेळी केली अन् मी गप्प राहिली, काहून का हे मरून राहिली माही. कामाचंच जनावर पाहिजे ना? या माह्या घरी, मागापाशी बसा अन् पाहा. हे नसली तं आमच्या चुलीले लाकूड नाही भेटत, साहेब." एवढं बोलून ती चक्क रडायला लागली. प्रयागबाई रडते, हे वस्तीतल्या कोणी पाहिलं असतं तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नसता.

साहेबांनी चष्मा पुसला. "मार्तंड, गरम पाणी आण. अन् हिचे पाय धर."

गळू चिरलं. घाण भसाभसा बाहेर आली. जखम धुतली, औषध भरलं. भुरी मात्र चिंधीसारखी पडून होती. एकाएकी ती फिस्कारली आणि तिनं मार्तंडच्या अंगठ्यात कचकन दात रुतवले.

"आई गं, चावली!"

"चावली!" प्रयागबाई आनंदानं किंचाळली. "जीव आहे साहेब, जीव आहे तिच्यात!"

बाहेर बातमी पोहोचली. मघाशी वैतागलेल्या ताराचंदनं लंगडी म्हैस तिथंच उभ्या उभ्या दोहली आणि तामचिनीच्या वाटीत ऊन ऊन दूध आणून ठेवलं. बकरीवाले, बैलवाले दारात दाटले. भुरीनं वाटी हुंगली. तोंड फिरवलं. मग तिनं हळूच जीभ लावली, पुन्हा लावली आणि लपालपा पिऊ लागली.

प्रयागबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पिऊन राहिली वं माय! माही भुरी पिऊन राहिली!"