चौथ्यांदा तेच गाणं

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं काम करत होती. मेणात दात बसवायचे, वरचा जबडा खालच्यावर टेकवून पाहायचा, केसाएवढी फट राहिली तरी सगळं खरवडून पुन्हा बसवायचं. हाताची ही सवय तिच्या कानातही उतरली होती, आणि त्यामुळेच शनिवारच्या मंडळात तिचं कुणाशी फारसं जमलं नाही.

मंडळ म्हणजे लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चारला जमणारी सात-आठ माणसं. सगळे हौशी गीतकार. घरी गिटारवर नाहीतर कीबोर्डवर चाल बसवायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि इथे आणून सगळ्यांना ऐकवायची. मग प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. नियम एकच: सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गाणं ज्याचं असेल त्याने तोंड उघडायचं नाही. नियम काकांचा. काकांनी विजेच्या मीटरचे आकडे टिपत नोकरी काढली, निवृत्तीनंतर गाणी लिहायला घेतली, आणि खोली त्यांच्या मेहुण्याची असल्यामुळे ते मंडळाचे आपोआप अध्यक्ष झाले. ‘कवळीबाई’ हे नावही त्यांनीच ठेवलेलं. पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करणं बरं दिसलं नसतं म्हणून ती हसली, आणि मग ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं गाणं थोरल्या बहिणीवर होतं. दोघी एका खोलीत वाढल्या, मग ताई लग्न होऊन लांब गेली, एवढीच गोष्ट. सुरुवात होती, ‘तुझी खाट काढली तरी खोली मोठी झाली नाही.’ पहिल्यांदा तिने ते ऐकवलं तेव्हा काका म्हणाले, फार संथ आहे, ऐकणारा पेंगेल. तिने घरी जाऊन चाल जलद केली. दुसऱ्या वेळी ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाईंना ध्रुवपद हवं होतं, कारण घरी जाताना गुणगुणायला काहीतरी हाताला लागलं पाहिजे. तिने ध्रुवपद घातलं. तिसऱ्या वेळी गाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते यावर दहा मिनिटं चर्चा झाली, आणि कुकर किती लिटरचा असावा यावरही दोघांचे मतभेद झाले. म्हणून चौथ्या वेळी तिने नवऱ्याला आणि सासूबाईंना दोन तासांसाठी घराबाहेर पिटाळलं, आणि कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, नाकाशी नवऱ्याचा कोट घेऊन, गाणं म्हटलं. कपाटात आवाज घुमत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं.

ते चौथं रेकॉर्डिंग त्या शनिवारी वाजून संपलं. काकांनी चष्मा पुसला.

“स्वच्छ झालंय हो,” ते म्हणाले. “पण पहिल्यांदा आणलं होतंत ना, त्यात काहीतरी होतं. संथ होतं ते. कशाला बदललंत?”

पार्लरवाल्या बाईंनीही मान डोलावली. ध्रुवपद जरा ओढूनताणून वाटतं, म्हणाल्या. तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण नियम आडवा होता. ती वहीच्या समासात रेघोट्या मारत बसली. बोलायची पाळी आली तेव्हा “बरं” एवढंच म्हणून तिने वही मिटली. पहिलं रेकॉर्डिंग तिने फोनमध्ये जागा हवी म्हणून केव्हाच पुसून टाकलं होतं.

पुढचं गाणं गणिताच्या सरांचं. सर शाळेत शिकवायचे, आणि त्यांचं गाणं वडिलांचं दुकान बंद झालं त्या दिवसावर होतं. महिन्यापूर्वी ते त्यांनी प्रथम ऐकवलं तेव्हा बाकी सगळे ‘छान, छान’ म्हणून मोकळे झाले होते. एकटी तीच बोलली होती. पहिलं कडवं म्हणजे नुसतं घसा साफ करणं आहे, गाणं सुरू होतं ते शटर खाली येतं तिथे, तेव्हा पहिलं काढूनच टाका, असं तिने सांगितलं होतं. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्यानंतर दोन शनिवार ते तिच्याकडे न बघता चहा घेत होते.

आता गाणं लागलं आणि पहिल्याच ओळीत शटर खाली आलं. ते कडवं गेलं होतं. बाकी सगळं तेच, पण आता ते गाणं अंगावर येत होतं. शेवटच्या ओळीला तिच्या दंडावर काटा आला आणि थोड्याच वेळात तिला त्या काट्याचाच राग आला. कारण सगळ्यांचं बोलून झाल्यावर सर उठले ते काकांकडे वळून. पहिलं कडवं काढायची काकांची सूचना फार मोलाची ठरली, असं म्हणाले. महिन्यापूर्वी ‘छान’ यापलीकडे काही न बोललेल्या काकांनी डोळे मिटून ते आभार स्वीकारले. सुचलं ते बोललो, म्हणाले.

जिन्यात तिने सरांना गाठलं. खालून लाँड्रीची वाफ वर येत होती.

“सर, ती सूचना माझी होती.”

सर थांबले. आठवून पाहिलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. “खरंच की. तुम्हीच म्हणालात. मला काकाच का आठवले कोण जाणे.”

“ते जाऊ दे. माझ्या गाण्याबद्दल एक गोष्ट सांगा. चार वेळा ऐकलंत तुम्ही. एकच सांगा.”

 सर खरं बोलले, एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. “मी ऐकत नाही हो. दुसऱ्याचं लागलं की माझ्याबद्दल कोण काय म्हणेल, हेच डोक्यात चालू असतं.”

यावर चिडावं की काय करावं, तिला कळेना. तिने फोन काढला, इअरफोन त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, मग आत्ता ऐका. सर निमूटपणे पायरीवर बसले. ती कठड्याला टेकून उभी राहिली. त्यांनी गाणं दोनदा ऐकलं.

“पहिल्या दोन कडव्यांतली ‘तू’ म्हणजे गेलेली बहीण,” ते म्हणाले. “तिसऱ्या कडव्यात तुम्ही कुणालातरी झापताय. ती बहीण नाही. कोण आहे?”

तिने इअरफोन परत घेतले. आभारही न मानता ती निघून गेली. दोन दिवस तिने मनातल्या मनात सरांना झाडून काढलं. सोमवारी तिने एका कवळीत दाढा तिरक्या बसवल्या. अख्खं मेण उतरवून पुन्हा करावं लागलं. आणि ते करता करता तिला कळलं की लग्न ठरत होतं तेव्हा ताईला लांब जाऊ दे, असं म्हणणारी माहेरच्या घरात एकच व्यक्ती होती. ती स्वतः. तेव्हा तिला अख्खी खोली हवी होती. तिसरं कडवं तिचं तिलाच उद्देशून होतं, आणि गेले सहा महिने तिने ते ताईच्या माथी मारलं होतं.

ते कडवं नीट करायचा तिने उरलेला आठवडा प्रयत्न केला. प्रत्येक ओळ खोटी वाटायची, नाहीतर रडकी. शुक्रवारी संध्याकाळी तिने कडवं काढलं, ध्रुवपद काढलं, चाल पुन्हा संथ केली आणि उरलेली दोन कडवी स्वयंपाकघरात बसून एका दमात म्हटली. भांडी वाजत होती, वाजू दिली.

शनिवारी ते दीड मिनिटात संपलं. खोलीत कुणी हललं नाही, पण ती शांतता दाद नव्हती. सगळे पुढच्या कडव्याची वाट बघत होते.

“संपलं?” पार्लरवाल्या बाईंनी विचारलं.

काका म्हणाले, सुरुवात झकास आहे, आता पूर्ण करा. सर मात्र खाली बघत होते आणि त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी वही मिटली आणि सांगितलं की त्यांना अजून एकदा ऐकायचं आहे.

वेळ नाही, म्हणाले काका. आणि पुढचं गाणं लावलं.