सारजाबाईंनी पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, मी सिनेमाचा एक जुना पडदा आहे. सध्या घाटनांदूरच्या शाळेत असतो. पण माझा जन्म आसाराम यांच्या फिरत्या तंबूसाठी झाला. बंकट शिंप्याने मांजरपाटाचे चार पन्हे जोडून मला शिवले आणि कडेने काळी पट्टी लावली. प्रत्येक जत्रेआधी नीळ घालून मला धुवायचे काम सारजाबाईंचे. त्या आसारामांच्या पत्नी. तंबूच्या दाराशी तिकिटेही त्याच फाडत.

प्रकाश माझ्यावर पडे, मला मात्र समोरचे चेहरे दिसत. हाणामारीच्या सिनेमाला शिट्ट्यांनी तंबू दणाणून जाई. मला वाटे, सिनेमा म्हणजे एवढेच.

एका वर्षी आमचा तंबू कडा गावच्या जत्रेत होता; लेक आजारी म्हणून सारजाबाई घरीच राहिल्या होत्या. तिकडे त्यांची चार वर्षांची मुलगी अंजना तापाने गेली. निरोप मिळून आसाराम घरी पोचले, तोवर सगळे आटोपले होते. सारजाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आसारामांनाही काही विचारण्याचा धीर झाला नाही. पुढच्या हंगामात बाई पुन्हा तिकिटे फाडायला बसल्या, पण माझ्याकडे पाठ करून. ती पाठ पुढे कायमचीच झाली.

त्याच हंगामात आसारामांनी एक निराळा सिनेमा आणला. त्यात एक बाई कोरड्या नदीतून कितीतरी वेळ नुसती चालत राहते. गाणे नाही, बोलणे नाही. पायाखाली वाळू वाजते, तेवढाच आवाज. "हे काय लावलं बे, आसाराम?" म्हणत लोक उठून जात. तरी दर जत्रेच्या शेवटच्या दिवशी आसाराम हाच सिनेमा लावत, आणि मशीन दुसऱ्याच्या हाती देऊन रिकाम्या तंबूत जमिनीवर बसत. त्यांचा तो चेहरा पाहिला आणि सिनेमा किती खोल जातो, ते मला पहिल्यांदा कळले.

मग घरोघरी टीव्ही आला, तंबू मोडला. वीस वर्षे मी पत्र्याच्या पेटीत पडून होतो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला.

गेल्या वर्षी शाळेतल्या योगिताबाईंनी मुलांना सिनेमा दाखवायला मला मागून नेले. आसारामांचा तो आवडता सिनेमा त्यांनी शोधून काढला आणि दोघांना बोलावले. तोवर काचबिंदूने आसारामांची नजर गेली होती. सारजाबाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. खिडक्यांना घोंगड्या लावून दुपारीच अंधार केला होता.

"काय दिसतंय?" आसारामांनी विचारले.

"बाई हाय एक. नदीतून चाललीय."

"आन आता?"

"चाललीच हाय. लई कोरडी हाय नदी." त्या जरा पुढे झुकल्या. "तिनं कडंवर लेकरू घेतल्यावानी हात धरलाय. लेकरू न्हाई. हात मातर तसाच."

चुळबुळणारी मुले आपोआप शांत झाली. सिनेमा पाहणाऱ्या सारजाबाईंचा चेहरा मी एवढ्या वर्षांत प्रथमच समोरून पाहत होतो. त्यांनी डोळे पुसले नाहीत, माझ्यावरून हलवलेही नाहीत.

"हे मला तवाच कावून न्हाई दाखवलं?" त्या हळूच म्हणाल्या.

"दर जत्रंला लावत होतो. तोंडानं सांगता येत नव्हतं मला."

सिनेमा संपला. योगिताबाई मुलांना घेऊन अंगणात गेल्या. सारजाबाई जागच्या उठल्या नाहीत.

"पोरगी तुमचंच नाव घेत होती," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलं न्हाई कदी."

आसारामांनी चाचपडत त्यांचा हात शोधला. "आता सांग," ते म्हणाले.

माझ्यावर काहीच उमटलेले नव्हते, तरी ती दोघे तासभर माझ्यासमोर बसून बोलत होती.

मित्रांनो, मला उंदरांपासून जपा, ओला असताना घडी घालू नका. आणि समोरचे माणूस फार वेळ गप्प राहिले, पडद्यावर असो की घरात, तर कंटाळून उठून जाऊ नका. जरा बसा त्याच्याजवळ.