सुखीबाईचा फोटो

“थांबव. जरासं मांगं घे,” हिरासिंग म्हणाला.

संजयने अंगठ्याने व्हिडिओ मागे नेला. दारव्ह्याच्या स्टँडबाहेर त्याची जीप उभी होती. सगळ्या सीटा भरल्याशिवाय ती यवतमाळकडे हलत नसे आणि अजून निम्मीही भरली नव्हती, म्हणून बापलेक मोबाइल बघत बसले होते. व्हिडिओ एका ओळखीच्या सवारीने पाठवला होता. नागपुरात छोट्या रेल्वेगाड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, हौशी लोकांसाठी नवा माल येणार होता आणि त्यात यंदा आपली यवतमाळची छोटी गाडी, शकुंतलाही होती. जिच्या रुळांवर आता बाभळी उगवल्यात, ती शकुंतला हातभर लांबीची होऊन टेबलावर धावत होती. बापाला गंमत वाटेल एवढाच संजयचा हिशोब होता.

पण हिरासिंग गाडीकडे बघतच नव्हता. गाडी एका फाटकाजवळून जात होती आणि फाटकापाशी बोटाच्या पेराएवढी एक बाई उभी होती. लाल फेटिया घागरा, डाव्या कमरेवर टोपलं आणि टोपल्याच्या काठाला दोन तपकिरी ठिपके.

“थ्या चपला हायेत,” हिरासिंग म्हणाला. “थे तुही याडी हाये.”

आई, या खेळण्यात? संजय हसायला गेला, पण बापाचा चेहरा बघून त्याने व्हिडिओ पुन्हा मागे नेला.

हिरासिंग आडे शकुंतलेवर फाटकवाला होता, पण त्याचं फाटक एका जागी नव्हतं. रेल्वेकडे माणसं कमी आणि वाटेत फाटकं जास्त, म्हणून फाटकवाला गाडीतूनच फिरे. फाटक आलं की गाडी थांबायची. हिरासिंग उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन उभी राहायची, मग हा फाटक उघडून धावत जाऊन शेवटच्या डब्यात चढायचा. उभा जन्म त्याने असा चढण्याउतरण्यात घालवला. लोक थट्टा करत की हिरासिंग यवतमाळला गाडीने कमी आणि पायीच जास्त जातो. तोही हसे. त्या गाडीवर राग धरणारा माणूस तिथे टिकलाच नसता.

तांड्याजवळच्या फाटकावर त्याची बायको सुखीबाई चढायची. ते स्टेशन नव्हतं, पण गाडी थांबतेच तर चढायला काय हरकत. सीताफळाच्या दिवसात सीताफळं, नाहीतर वांगी, मेथी, जे असेल ते टोपल्यात घेऊन ती यवतमाळच्या बाजाराला जायची. शेतातली काळी माती लागू नये म्हणून चपला टोपल्याला अडकवायची आणि यवतमाळला उतरल्यावर पायात घालायची. साऱ्या तांड्यात असं करणारी ती एकटीच होती. हिरासिंगचा मोठा भाऊ किसनसिंग कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तोही त्याच गाडीने जायचा. जेठ, म्हणजे थोरला दीर, गाडीत असला की सुखीबाईचा घुंगटो हनुवटीपर्यंत यायचा आणि त्याने पाठ फिरवली की वर जायचा. नवरा फाटकावर, बायको गाडीत आणि जेठ समोर, अशी त्यांची सकाळ असायची.

एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने सुखीबाई गेली. तेव्हा कळलं की घरात तिचा धड फोटोच नाही. संजयच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती होती, पण मांडवात सगळी वडीलधारी माणसं, म्हणून प्रत्येक फोटोत चेहऱ्यावर घुंगटो. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. तो काढला तेव्हा कॅमेऱ्यावाल्याने डोळे उघडे ठेवा म्हणून दोनदा दरडावलं होतं, त्यामुळे त्यात सुखीबाई चोरी करताना पकडल्यासारखी दिसे. स्टुडिओवाल्याने मागे निळं आभाळ टाकलं आणि ओठ लाल केले. बायका म्हणाल्या, ही सुखी वाटत नाही. हिरासिंगने तो भिंतीवर लावला. रोज सकाळी त्या फोटोला उदबत्ती लावायचा आणि रोज त्याला परक्या बाईसमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं.

ते तरी चाललं असतं. पण गेल्या वर्षभरात एक वाईट गोष्ट झाली होती. आता डोळे मिटले तरी त्याला तोच चेहरा दिसायचा, निळ्या आभाळातला. खरा चेहरा हळूहळू पुसला जात होता आणि ते त्याला कळत होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जीपमध्ये त्याने संजयला सांगितलं. ज्यांनी तिच्या चपलासुद्धा केल्या त्यांनी तिला कुठेतरी पाहिलं असेल. म्हणजे फोटो असेल आणि फोटोत चेहरा असेल.

“मले नागपूरले घेऊन चाल,” तो म्हणाला.

दोघं यवतमाळहून एसटीने निघाले. संजयने जीप एका मित्राकडे दिली होती. या जीपड्यांनीच शकुंतलेचे प्रवासी पळवले, असं हिरासिंग एरवी प्रत्येक प्रवासात एकदा तरी म्हणे. त्या दिवशी म्हणाला नाही.

प्रदर्शनाचा हॉल एवढा मोठा की आपल्याकडची तीन लग्नं त्यात एकाच वेळी लागावीत. जिकडे तिकडे टेबलं, टेबलांवर डोंगर, बोगदे, पूल आणि त्यांतून पळणाऱ्या गाड्या. नवीन इंजिनांची खोकी उघडत होती आणि केस पिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे लोक एकमेकांच्या खांद्यावरून माना लांब करून बघत होते. एक इंजिन खरी शिट्टी मारत होतं, एकातून धूरही निघत होता. झाडं पिशवीच्या हिशोबाने मिळत होती. एका टेबलावर प्लास्टिकच्या डब्यांत माणसं होती: उभी, बसलेली, सामान घेतलेली.

“बा, इथं तं मानसंही डब्यात भेटून राह्यले,” संजय म्हणाला. हिरासिंगचं लक्ष नव्हतं. तो प्रत्येक टेबलावर लाल रंग शोधत होता.

शकुंतलेचं टेबल अगदी शेवटी होतं. ते बनवणारा राजकुमार चाळिशीचा होता, पुण्यात राहणारा, पण मूळचा अकोल्याचा. त्याने काळी माती केली होती, कापसाच्या बोंडांचे पांढरे ठिपके केले होते आणि मधोमध ते फाटक केलं होतं. फाटकाला हात लावून पेराएवढाच एक माणूसही उभा होता. हिरासिंगने त्याच्याकडे बघितलंही नाही. चष्मा पुसून तो बाईवर वाकला. टोपलं होतं, चपला होत्या. घुंगटो होता आणि त्याखाली चेहऱ्याच्या जागी रंगाचा एक ठिपका होता.

तेवढ्यात गाडी आली आणि न थांबता फाटकातून निघून गेली.

“थांबत नाई काय इथं?” हिरासिंगने विचारलं.

राजकुमारने मान वर केली. संजयने सांगून टाकलं की हे त्याच गाडीवर फाटकवाले होते. मग काय विचारता! राजकुमारने खुर्ची आणली, पाणी आणलं, शेजारच्या टेबलांवरच्या लोकांना हाका मारल्या. बघता बघता घोळका जमला. कुणी हात मिळवले, कुणी शेजारी उभं राहून फोटो काढले, कुणी विचारलं की वाटेत बैल रुळावर यायचे का. हिरासिंग भल्या माणसासारखा सगळ्यांना उत्तरं देत राहिला. एवढा मान त्याला सगळ्या नोकरीत मिळाला नव्हता. आणि त्या मानापायी त्याचा प्रश्न मागे राहिला होता. शेवटी घोळका पांगला तेव्हा त्याने टोपलंवालीकडे बोट केलं.

“साहेब, हे कोनाले पाहून केली?”

राजकुमारने सांगितलं की ती वडिलांच्या फोटोवरून केली. वडील बँकेत होते, सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन या गाडीत बसायचे. आता ते नाहीत, पण त्यांचे फोटो आहेत. बोलता बोलता त्याने लॅपटॉप उघडला.

“थे माही बायको हाये,” हिरासिंग म्हणाला.

राजकुमारचा हात थांबला. मग त्याने फोटो शोधला आणि पडदाभर मोठा करून लॅपटॉप हिरासिंगकडे वळवला.

सकाळचं ऊन होतं. फोटो डब्यातून काढलेला होता. दाराच्या कडेला जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला तरणाबांड किसनसिंग. खाली, चढायच्या बेतात असलेली सुखीबाई. डाव्या कमरेवर टोपलं, टोपल्याला चपला, हातात पांढरा चुडा. आणि चेहऱ्यावर घुंगटो. गाडीच्या बाजूने तो पुरता खाली ओढलेला होता. फक्त फाटकाच्या बाजूने तिने दोन बोटांनी त्याची कड जराशी उचलून धरली होती. आणि त्या फटीच्या समोर, पलीकडे, फाटकाला टेकून हिरासिंग उभा होता. सगळा चेहरा उन्हात आणि सगळा चेहरा हसरा.

आपण असे हसायचो हे हिरासिंगला ठाऊक नव्हतं. स्वतःचा तो चेहरा तो बराच वेळ बघत राहिला. सुखीबाईने त्या वेळी काय केलं असेल, जीभ दाखवली असेल की डोळे मिचकावले असतील, ते त्या फटीतून त्याला एकट्यालाच दिसलं होतं. आणि आता आठवत नव्हतं. एवढ्या लांब येऊन चेहरा मिळाला तो त्याचा स्वतःचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

राजकुमारलाही गलबलून आलं असावं. आईचा दुसरा कुठला फोटो आहे का, असं त्याने संजयला हळूच विचारलं. आधारचा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग सोपं आहे. हल्ली मोबाइलमध्ये अशी सोय आहे की तो चेहरा घेऊन, वय कमी करून, घुंगट बाजूला सारून याच फोटोत बसवता येतो. कुणाला कळणार नाही.

“पाच मिनिटांचं काम आहे, काका. काकू हसताना दिसतील,” तो म्हणाला.

संजयने आधीच मोबाइल काढला होता. त्याचीही आई होती ती. त्याने आधारचा फोटो शोधला. तो सापडल्यावर त्याने बापाकडे पाहिलं.

हिरासिंग पडद्याकडे बघत होता. नको म्हणणं त्याला सोपं नव्हतं. याच्याचसाठी तो आला होता. आणखी एखादं वर्ष गेलं की निळ्या आभाळातली ती बाईच तेवढी उरणार होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाच मिनिटं. त्याने एकदा दोन बोटांनी धरलेल्या त्या कडेकडे पाहिलं, मग दारात बसलेल्या किसनसिंगकडे.

“नको, साहेब,” तो म्हणाला. “भिया बसून हाये ना तिथं.”

राजकुमारला काही कळलं नाही.

“माहा मोठा भाऊ हाये थो. त्याच्यासमोर थे घुंगटो काढत नोती. जलमभर काढला नाई. थे गेल्यावर मी कोन काढनारा?”

संजयने मोबाइल खिशात ठेवला. राजकुमारने फोटो आहे तसा चांगल्या कागदावर छापून दिला. पैसे घेतले नाहीत. निरोप घेताना त्याने बटण दाबलं आणि गाडी फाटकापाशी थांबवली. हिरासिंगने ती थांबलेली गाडी बघितली. एका माणसाला चढायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला.

“आता सोडा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्षाने, संजयच्या बायकोने, भिंतीवरची चौकट उतरवली, आधारचा फोटो कागदात गुंडाळून पेटीत ठेवला आणि नवा फोटो बसवला. तांड्यातले लोक बघून गेले. फोटो छान आहे पण सुखी कुठे दिसते, असं जो तो विचारत होता. वर्षा टोपल्यावर बोट ठेवून दाखवायची. हिरासिंग उदबत्ती लावून बाजेवर बसून होता आणि कुणाला काही समजावून सांगत नव्हता.

संध्याकाळी किसनसिंग आला. आता तो ऐंशीच्या घरात होता, काठी टेकत यायचा, पण रोजचा चहा धाकट्या भावाकडेच घ्यायचा. त्याची प्लास्टिकची खुर्ची ठरलेली होती, भिंतीसमोर. तो बसला आणि त्याची नजर वर गेली. आधी त्याला जेवणाचा डबा ओळखू आला, मग तो स्वतः, मग समोरची बाई. घुंगट्याकडे तो फार वेळ बघत होता.

“हिरा,” तो म्हणाला, “हा मीच हाये काय?”

“व्हय, भिया.”

 वर्षाने दिलेला चहा किसनसिंगने खाली ठेवला, काठीला जोर देऊन उठला आणि दोन्ही हातांनी खुर्ची फिरवली. मग दाराकडे तोंड आणि भिंतीकडे पाठ करून बसला. वर्षाला वाटलं, वरच्या लाइटचा डोळ्यांना त्रास होतो. ती बटणाकडे जाऊ लागली.

“राहू दे, बाई,” तो म्हणाला. “मले इकडूनच बरं हाये.”

हिरासिंगने खालचा कप उचलून त्याच्या हातात दिला. मग दोघं भाऊ चहा पीत बसले, एक दाराकडे बघत आणि एक भिंतीकडे.

त्यानंतर किसनसिंग रोज आला की आधी खुर्ची फिरवायचा, मग बसायचा. आता वर्षाच ती सकाळी झाडताना दाराकडे तोंड करून ठेवते.