मी दादाच्या डोक्यावर नव्हतो

मी हेल्मेट बोलतोय. पिवळं, प्लॅस्टिकचं, कपाळावर ओरखडा असलेलं. डोक्यावर बसणाऱ्याने गप्प बसावं, एवढं मला कळतं. पण एका कागदात माझ्याबद्दल खोटं लिहिलंय, आणि ते मी ऐकून घेणार नाही.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीचं काम संपलं तेव्हा आम्ही आठ जण वापरलेले, मळलेले, ढिगात पडलो होतो. त्याने आम्हाला पोत्यात भरून घरी आणलं, घासूनपुसून चकचकीत केलं. सात जण पोरांसाठी आणि मी त्याच्या स्वतःसाठी.

सुट्टीच्या दिवशी लोक ताणून देतात. हा वस्तीतली पोरं गोळा करायचा. शाळेत नुसतं नाव असलेली, दिवसभर उंडारणारी पोरं. त्यांना घेऊन तो छापखान्यात जायचा, बेकरीत जायचा, इस्पितळाच्या धोबीखान्यात जायचा. "जगात कामं किती आहेत ते बघा तरी! मग ठरवा काय व्हायचं ते." कुणी साहेब भाषण द्यायला पुढे आला की दादा हात जोडायचा. "साहेब, तुम्ही नको. जो हाताने करतो त्याला बोलवा."

आत जाताना आणि बाहेर येताना तो पोरं मोजायचा ती वाकवलेल्या बोटाने, हेल्मेटवर टक् टक् करत. सात पोरांचे सात, आठवा स्वतःच्या डोक्यावर, म्हणजे माझ्यावर. "आठ. चला!"

धाकट्या भावालाही तो दर वेळी हाक मारायचा. धाकटा चौथीतून शाळा सोडलेला, नाकावर राग. "मला नाही बघायची कुणाची यंत्रं," म्हणायचा आणि पांघरूण डोक्यावर ओढायचा.

त्या दिवशी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जायचं होतं. फाटकाशी पोचलो तोच मागून एक आठवा पोरगा धावत आला. पाय इतके काटकुळे की सगळे त्याला चिमटा म्हणायचे.

"दादा, मी बाहेर थांबतो. तुम्ही या जाऊन."

"बाहेर थांबायला आलास होय रे एवढ्या लांब?"

दादा स्टोअरकीपरकडे गेला. त्याच्या पाठीमागे काचेच्या कपाटात पांढरी हेल्मेटं ओळीने बसली होती, कोरी करकरीत.

"एक द्या ना, तासाभरासाठी."

"ती पाहुण्यांची आहेत."

"मग आम्ही कोण?"

"या पोरांना द्यायची? उवा होतील, उवा!"

पोरांनी ते ऐकलं. एकाने हळूच हेल्मेट काढून आत बघितलं.

इथे मी दादावरही चिडतो. त्याने तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण चिमट्याचा चेहरा बघून त्याला ते जमलं नाही. त्याने मला काढलं, पट्टा चार घरं आवळला आणि चिमट्याच्या डोक्यावर बसवलं. मग मोजणी. टक्, टक्, टक्. "आठ. चला!"

आठ हा रोजचाच आकडा. तो बरोबर आला आणि दादा स्वतःला मोजायचा राहिला.

वर क्रेन फिरत होती. तिचा एक बोल्ट सुटला. बस, याहून जास्त मी सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी कारखान्याचा कागद घरी आला. आईला वाचता येत नाही, म्हणून धाकटा अक्षरांखाली बोट सरकवत वाचू लागला. 'मृताने हेल्मेट न घातल्याने.' त्यापुढच्या शब्दाला तो तीनदा अडखळला. निष्काळजीपणा. आई म्हणाली, "काय लिहिलंय रे?" तो म्हणाला, "काही नाही."

तेवढ्यात मला पोटाशी धरून चिमटा दारात आला. परत द्यायला. धाकट्याने मला हिसकावलं आणि भिंतीवर आपटलं. हा ओरखडा तेव्हाचा.

"तू घातलंस म्हणून तो गेला!"

चिमटा हलला नाही. "मी बाहेर थांबतो म्हटलं होतं," तो म्हणाला. मग रडत रडत म्हणाला, "कपाटात बारा होती. मी मोजली होती."

धाकट्याने वाकून मला उचललं आणि बाहीने पुसलं.

आज सुट्टी आहे आणि आम्ही त्याच फाटकाशी उभे आहोत. धाकट्याने दादासारखंच मोजलं. आठ पोरांचे आठ टक्. मग वाकवलेलं बोट त्याने स्वतःच्या उघड्या डोक्यावर मारलं. "नऊ."

स्टोअरकीपर म्हणतो, "भेटी बंद झाल्यात. वरून हुकूम आहे."

"मग आधी कागद बदला. लिहा, हेल्मेट होतं, ते पोराच्या डोक्यावर होतं. आणि बारा कपाटात होती. मग एक बाहेर काढा. आम्ही नऊ जण आहोत."

"उन्हात उभं राहून काय मिळणार तुला?"

मागून चिमटा बोलला, "काही नाही काका, उवा शेकतोय." पोरं फिदीफिदी हसली. धाकटा पहिल्यांदा हसला आणि लगेच त्याने तोंड फिरवलं.

फाटक अजून उघडलेलं नाही. चिमट्याच्या डोक्यावर मी तापलोय. माझं एवढंच म्हणणं आहे. मला दादाची आठवण म्हणून खिळ्याला टांगू नका. मी डोक्यासाठी बनलोय. आणि पोरं मोजून झाली की मोजणाऱ्यालाही मोजा.