फोन वाजला की उघडणारा डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझ्याकडे एकही फोटो नाही. फोटो काढणं हे माझं काम नव्हतंच. मी मुठीएवढा, एका डोळ्याचा, फोनच्या तारेला जोडलेला. फोन वाजून कुणी तो उचलला की माझा लाल दिवा लागे आणि डोळा उघडे. फोन ठेवला की अंधार. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. मधले तुकडे मला ठाऊक नाहीत, आणि ते मी मनाने भरणार नाही.

माझा जन्म घाईत झाला. २००३ साल होतं. सिंगापूरमध्ये सार्स नावाचा ताप आला होता. त्यात माणसांचा श्वास कोंडे आणि काही माणसं हॉस्पिटलातून परत येत नसत. आजारी माणसाच्या आसपास जे जे आले, त्यांना घराबाहेर न पडण्याचा हुकूम होई. ते घरातच आहेत ना, त्यांना ताप नाही ना, हे बघायला माझ्यासारख्यांना त्यांच्या घरी बसवत. आमचं खूप कौतुक झालं. पण ज्या घरी मी गेलो, तिथली माणसं मला बघून आधी मागे सरली.

क्वीन्सटाउनमधल्या एका फ्लॅटमध्ये मला टीव्हीवर बसवलं. बसवणारा माणूस मास्क आणि हातमोजे घालून आला होता. फोन लावून त्याने मला एकदा तपासलं आणि तो पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

अंधार.

फोन वाजला.

समोर सोफा. मागच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर. सोफ्यावर दोघी: पस्तिशीची सुनेत्रा आणि तिची आई साधनाताई. स्पीकरवर नर्सचा आवाज. तिचं नाव मिस लिम.

"मॅडम, थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरा. मोअर क्लोज."

सुनेत्राने धरलं. ताप नव्हता. मग साधनाताईंनी धरलं. त्यांनाही नव्हता.

"जय भीम," साधनाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "हा एकडोळ्या रोज बघणार का गं आपल्याला?"

"रोज. दिवसातून तीन-चारदा."

"मग पावडर लावून बसायला हवं."

सुनेत्रा हसली आणि म्हणाली, "आई, तो काही तुला बघायला आले

अंधार.

असं तुकड्या-तुकड्यांनी मला घर कळलं. फ्लॅट सुनेत्राच्या भावाचा, प्रबोधचा. तो तांजोंग पगार नावाच्या भागातल्या एका बँकेत. सुनेत्रा इटलीहून त्याच्याकडे आईला भेटायला आली होती. विमानात तिच्या मागच्या रांगेतला प्रवासी आजारी निघाला, म्हणून तिला हा हुकूम. प्रबोध बायकोला घेऊन मित्राच्या घरी राहायला गेला. साधनाताईंनी मात्र जायला साफ नकार दिला. तो रोज येई, बाहेरच्या लोखंडी जाळीला पिशवी अडकवी आणि लांबूनच ओरडे, "आई, चिकन राइस आणलाय!"

"परवाही तोच होता," आतून साधनाताई म्हणत. "भाकरी मिळत नाही का रे तुझ्या सिंगापुरात?"

तिसऱ्या की चौथ्या फोनला मिस लिमने आपण होऊन म्हटलं, "जय भीम, आंटी." साधनाताई लाजल्या. मला वाटलं, हे घर वाचलं.

फोन वाजला.

सुनेत्राचे ओठ कोरडे. थर्मामीटरवर आकडा ठीक. तिच्या कोपराशी काचेचा पेला, त्यात बर्फ.

अंधार.

फोन वाजला.

पुन्हा तो पेला. सुनेत्राच्या कपाळावर घाम, आकडा ठीक. "गुड, मॅडम," मिस लिम म्हणाली. मी फक्त चित्र पाठवतो, मित्रांनो. यातलं काय बघा, ते मला सांगता येत नाही.

साधनाताईंनी फोन ठेवला. पण रिसीव्हर नीट बसला नाही.

दिवा लागलेलाच राहिला. मिस लिम निघून गेली होती. मी बघत होतो, आणि माझ्यातून कुणीही बघत नव्हतं. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

भर दुपारी, पंखा बंद करून, सुनेत्रा गोधडीत गुरफटून लॅपटॉपसमोर बसली. तिचे दात वाजत होते.

"सुने, अंग बघू तुझं," साधनाताई म्हणाल्या.

"हात लावू नकोस. लांब बस."

"ताप आहे तुला."

"थोडासा. विमानाचा शीण असेल."

"आणि त्या आकड्यात का दिसत नाही? बर्फ चघळतेस होय त्याच्यासाठी?"

सुनेत्राने गोधडी अंगाशी ओढली. मग म्हणाली, "सांगितलं तर नेतील, आई. लॅपटॉप नेऊ देणार नाहीत. ईस्टरला आमच्या गावी होड्या सुरू होतात. होडीवाल्याचं वेळापत्रक मी करते, हॉटेलांची पत्रकं मी करते. वेळेत गेलं नाही तर तो दुसरं कुणी बघेल. तिथे सगळे एकमेकांचे मेव्हणे आहेत. एकाचं काम गेलं की सगळ्यांचं गेलं."

"तुझा साहेब कोण गं तिथे?"

"कुणी नाही. मीच."

"मग साहेबाकडून रजा घे की."

"तो साहेब फार वाईट आहे, आई."

दोघी हसल्या. सुनेत्राला हसताना खोकला आला आणि तो लवकर थांबेना. साधनाताईंचं हसू तिथेच राहिलं.

"मिलानची नोकरी सोडून त्या गावात गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं मजा आहे," सुनेत्रा म्हणाली. "समुद्र, घरून काम. उन्हाळ्यात असतेही मजा. पण हिवाळ्यात हॉटेलं बंद होऊन दारांना फळ्या लागतात. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघत नाही. मागच्या जानेवारीत छाती भरली होती. उठवत नव्हतं. तरी काम वेळेवर पाठवलं. कुणाला कळलंसुद्धा नाही."

हे तिने अभिमानाने सांगितलं.

"जानेवारीत मी फोन केला होता," साधनाताई म्हणाल्या. "तू मजेत म्हणालीस."

"मग काय म्हणायचं असतं?"

साधनाताईंनी मान वळवली. त्यांची नजर माझ्या दिव्यावर आली. "अगबाई, हा जागाच आहे!" त्या उठल्या, आणि

अंधार.

त्या अंधारात मी एकच गोष्ट घोळवत होतो. तो ताप जर तोच असेल, तर साधनाताई रोज त्याच सोफ्यावर बसत होत्या.

फोन वाजला.

सुनेत्राने पेला खाली ठेवला. आकडा ठीक. "गुड, मॅडम. नाऊ आंटी."

साधनाताईंनी पावडर लावलेली नव्हती. केसही विंचरलेले नव्हते. त्या 'जय भीम' म्हणाल्या नाहीत. तोंडातून थर्मामीटर काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

 मग मिस लिमचा आवाज एकदम गंभीर झाला. "आंटी, वन मोर टाइम."

पुन्हा आकडा तितकाच चढलेला.

"आंटी, बॅग भरा. मी अँब्युलन्स पाठवते. तुम्ही एकट्याच यायचं. सोबत कुणी नाही."

"ओके," साधनाताई म्हणाल्या आणि उठू लागल्या. त्या उठल्या तेव्हा त्यांच्यामागे लपलेला कप दिसला. त्यातून वाफ येत होती.

सुनेत्राने तो कप बघितला.

"नो!" ती ओरडली. "ती गरम चहा प्यायलीय! तिला काही झालेलं नाही. तिला तिथे नेऊ नका, तिथे तिला खरंच होईल! मला आहे ताप. मला. परवापासून. मी बर्फ खाऊन दाखवत होते तुम्हाला."

ती खाली बसली. साधनाताईंनी पदराने तोंड पुसलं.

"जीभ पोळली माझी," त्या म्हणाल्या. "पण बोललीस एकदाची."



मिस लिम रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "आंटी, फोन ठेवू नका. मी लाइनवर आहे." म्हणून सगळं मी पाहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली दोन माणसं आली. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. सुनेत्राने लॅपटॉपकडे बघितलं आणि तो मिटून सोफ्यावर ठेवला. ती गेली, तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात शेजाऱ्यांची दारं बंद झाल्याचे आवाज आले. एकामागून एक. बरीच दारं होती.

अंधार.

फोन वाजला. "जय भीम. माय डॉटर?"

"अजून तपासतायत, आंटी."

फोन वाजला. "माय डॉटर?"

"ऑक्सिजन लावलाय, आंटी. अजून सांगता येत नाही."

फोन वाजला. फोन वाजला. दर वेळी साधनाताईंचा आकडा ठीक होता, आणि दर वेळी त्या तो लपवल्यासारखा पटकन दाखवून खाली घेत. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप तसाच होता.

त्यांचे घरात राहायच्या हुकमाचे दिवस संपले. मला काढायला माणूस आला. स्क्रू ढिला करताना त्याचा हात माझ्यावर होता, आणि फोन वाजला. या वेळी मिस लिम नव्हती. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"सुने?" साधनाताई म्हणाल्या. "कशी आहेस गं?"



"बरी नाही, आई," सुनेत्रा म्हणाली. "श्वास घेताना दुखतं. शेजारची खाट काल रिकामी झाली. मला फार भीती वाटते."

साधनाताईंनी स्टूल ओढलं आणि माझ्या अगदी पुढ्यात बसल्या. मला त्यांचा एक डोळा आणि पांढरे केस एवढंच दिसत होतं.

"हं," त्या म्हणाल्या. "बोल. ऐकतेय मी."

त्या माणसाने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि तो जाळीबाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचं मला ठाऊक नाही. मला उग्र औषधाने पुसलं, खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं. साथ सरली, तसं आमचं कौतुकही सरलं. मित्रांनो, त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी काच पुसायला या, असंही मी म्हणत नाही. पण तुमचं कुणी दूर कुठेतरी, एखाद्या समुद्रकाठच्या गावात, एकट्याने काम करत असेल, तर आज त्याला विचारा. तो मजेत आहे म्हणेल. लगेच फोन ठेवू नका.