उपाशी वाफा

"काटा बिघडलाय बहुतेक," असं म्हणत बाईंनी त्या वाफ्याचा पालक तिसऱ्यांदा वजनाला लावला. काटा कसला बिघडतोय! आकडा तोच आला.

खतांच्या चाचणी केंद्रात त्यांना सगळे ग्रॅमबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. एका ग्रॅमसाठी त्या साहेबांशीही हुज्जत घालत. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि पालेभाज्यांसाठी त्यांनी जुळवलेलं सात नंबरचं मिश्रण शेवटच्या चाचणीत होतं. नुसत्या नत्राचा भडिमार केला की पानं सुपाएवढी होतात आणि संध्याकाळपर्यंत माना टाकतात. म्हणून बाईंनी नत्राला आवर घालून स्फुरद-पालाश बेताने जोडीला दिलं होतं. तेवढं मिश्रण पास झालेलं बघून घरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पण त्यासाठी एक वाफा बिनखताचा लागतो; बाकीच्यांची वाढ त्याच्याशी ताडून बघायची. केंद्रात त्याला उपाशी वाफा म्हणत. आणि आज हा उपाशी चांगला बाळसं धरून बसला होता.

पाणी देणारे माळीमामा समोर येऊन स्वतःच्या चपला बघत उभे राहिले.

"मामा, काय घातलंत याला?"

"मूठभरच, ताई. शेजारचे सगळे जेवून टवटवीत, आणि हा एकटा पिवळा. रोज बघवेना हो. तुमचंच सात नंबर टाकलं. म्हटलं, चांगलं आहे ते."

बाईंना संताप आला आणि त्यातच हसूही फुटलं. त्यांच्या मिश्रणाची एवढी मनापासून तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि नेमकी तीच मुळावर आली होती.

साहेबांनी तोडगा काढला. "मागच्या खेपेचा आकडा लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या. "पालक चाळीस दिवसांत येतो. माझ्याकडे साठ आहेत."

दुसऱ्याच दिवशी पुन्हा पेरणी झाली. खताच्या खोलीची किल्ली बाईंनी मामांकडून काढून घेतली नाही. मामा उपाशी वाफ्याला पाणी द्यायचे ते तोंड फिरवून, आणि पहिला आठवडा बाईंशी धड बोललेही नाहीत.

बेचाळिसाव्या दिवशी वजनं झाली. सात नंबर, दोन किलो एकशे नव्वद. उपाशी, सहाशे चार ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळीही सात नंबरची पानं ताठ होती. बाईंनी वहीत सही केली.

"ताई," मामा दारातून म्हणाले, "याचं काम संपलं ना आता?"

"संपलं."

कापलेल्या पालकाचे बुडखे वाफ्यात अजून जिवंत होते. बाईंनी सात नंबरच्या पोत्यात हात घातला आणि वजन न करता ओंजळ भरून घेतली. उपाशी वाफ्याशी बसून त्यांनी ती ओळीओळीने पसरली.

"सोडा पाणी, मामा," त्या म्हणाल्या.